उत्तर कोणी द्यायचे? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिविचाराची प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीला सुरू होतो. जुलै २०२४ पासून या मार्गावर नवी वाहतूक-नियंत्रण यंत्रणा काम करते आहे. रस्त्यावरच्या कमानींवर बसवलेले कॅमेरे वेग मोजतात, सीटबेल्ट लावला आहे की नाही ते पाहतात, मार्गिकेची शिस्त मोडणाऱ्या गाडीचा क्रमांक वाचतात आणि त्यावरून वाहनमालकाच्या मोबाइलवर ई-चलान येते. याच पनवेल तालुक्यात, हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत, योट्टा कंपनीचे 'एनएम-१' हे डेटा सेंटर २०२० च्या जुलैपासून उभे आहे; केंद्र सरकारच्या 'इंडियाएआय' मोहिमेला संगणकशक्ती पुरवणाऱ्या कंपन्यांत या कंपनीचा समावेश आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटली की आपल्याला अमेरिका किंवा चीन आठवतो. पनवेलकराच्या बाबतीत मात्र तिचे डोळे रोजच्या रस्त्यावर आहेत आणि तिचे बिऱ्हाड तालुक्याच्या हद्दीत.

या विषयाची ओळख पनवेलपासून करून द्यावी असे वाटले ते त्यामुळेच. कृत्रिम बुद्धिमत्तेचा नीतिविचार हे वयाने लहान पण झपाट्याने वाढणारे ज्ञानक्षेत्र आहे. कायदा, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान, प्रशासन आणि भाषाविज्ञान या साऱ्यांचे प्रवाह त्यात येऊन मिळतात, त्यामुळे नवख्या वाचकाला थोडे दडपण येणे स्वाभाविक आहे. ते दडपण बाळगण्याचे कारण नाही. या साऱ्या विस्ताराच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: यंत्राच्या सांगण्यावरून एखाद्याचा दंड, कर्ज, नोकरी, रेशन किंवा अटक ठरली, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे? हा प्रश्न ज्याला कळला त्याला या विषयाचे दार उघडे आहे, मग त्याला संगणकाची एक ओळही लिहिता येत नसली तरी चालेल.

सातबाऱ्यावर नाव चुकीचे लागले, तर काय करायचे हे गावात कोणालाही विचारा. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत. दाद मागण्याची एक शिडी आहे आणि तिच्या प्रत्येक पायरीवर एक माणूस बसलेला आहे. त्या शिडीवर हेलपाटे होतात, वर्षे जातात, हे खरे. पण शिडी आहे. स्वयंचलित निर्णयांच्या बाबतीत ही शिडी अजून पुरती बांधलेली नाही. ती कशी बांधावी, तिच्या पायऱ्यांवर कोणाला बसवावे आणि त्याला कोणते अधिकार द्यावेत, याचा विचार म्हणजेच हे क्षेत्र, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

वाचकांनी आरंभी यंत्र शिकते कसे, एवढे समजून घ्यावे. पूर्वीच्या संगणक-आज्ञावलीत माणूस नियम लिहून देत असे आणि यंत्र ते पाळत असे. आताच्या प्रणालीला हजारो, लाखो उदाहरणे दाखवली जातात आणि त्यांतून ती स्वतःच नियमासारखे काहीतरी बांधते. ते नेमके काय बांधले, हे तिच्या निर्मात्यालाही नेहमी सांगता येत नाही. यातून दोन गोष्टी उद्भवतात. उदाहरणांत ज्याची हजेरी कमी, त्याच्या वाट्याला चुका जास्त येतात. आणि चूक झाली तर 'अमुक कलमामुळे असे झाले' असे बोट दाखवता येत नाही. या क्षेत्रातले बहुतेक वाद या दोन गोष्टींपाशी येऊन पोहोचतात.

या अभ्यासातला पहिला मोठा विषय उदाहरणांतल्या कमी हजेरीचा; त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला २०१८ मधला आहे. जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत होते. सावळ्या आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. कोणी मुद्दाम तसे केले नव्हते. शिकवणीच्या छायाचित्रांत त्या स्त्रिया पुरेशा नसाव्यात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

हाच प्रश्न आपल्या भाषेला लावून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सव्वाआठ कोटींहून अधिक आहे, तरी संगणकाला शिकवता येईल असा मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत तुटपुंजा आहे. ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्याकडे निष्ठेने चालू आहे, याचा अभिमान वाटतो. पुण्यातल्या 'एल-थ्री-क्यूब' या गटाने मराठीसाठी मोठे मजकूरसंच आणि भाषा-प्रतिमाने तयार करून सर्वांना खुली केली आहेत. त्यांच्या 'महाहेट' या संचात मराठी ट्वीटची द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि साधी अशा चार गटांत वर्गवारी आहे. या कामातला नैतिक पेच वाचकांनी जरूर लक्षात घ्यावा: कोणते वाक्य थट्टेचे आणि कोणते विखारी, हे आधी कोणा माणसालाच ठरवावे लागते, आणि मग त्या माणसाचा कान यंत्राचा कान होतो.

त्यातही मराठी म्हणजे एकच बोली नव्हे. पनवेल-उरणच्या पट्ट्यातली आगरी आणि कोळी बोली, रायगडच्या डोंगरकडांवरच्या वाड्यांतली कातकरी बोली, या बोलणाऱ्यांनी उद्या सरकारी मदत-क्रमांकावर यंत्राशी बोलायचे ठरवले तर त्यांचे ऐकले जाईल का? प्रमाण मराठीवर शिकलेल्या प्रणालीला त्यांचे बोलणे 'अस्पष्ट' वाटू शकते. बोलणारा स्पष्टच बोलत असतो. ऐकणारा शिकलेला नसतो. समन्याय हा शब्द जाहीरनाम्यांत फार वेळा येतो. त्याची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते.

दुसरा मोठा विषय वगळले जाण्याचा. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. ओळख पटवण्याची सोय खेड्यापर्यंत पोहोचली, हे मोठेच काम होते. पण कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला रेशन दुकानातले यंत्र ओळखत नाही, तेव्हा काय करायचे, हा प्रश्नही त्याच सोयीबरोबर खेड्यात पोहोचला. दूरच्या नेदरलँड्समध्ये याच प्रश्नाने सरकार पडले. तिथे बालसंगोपन अनुदानातली फसवणूक शोधण्यासाठी जोखीम मोजणारी प्रणाली वापरली गेली, दुहेरी नागरिकत्वासारख्या बाबी संशयाचे कारण ठरल्या, हजारो निरपराध कुटुंबांवर वसुली आली आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. श्रीमंत देशातही शिडी मोडलेली असू शकते.

तिसरा विषय संमतीचा, आणि त्यात मुंबई उच्च न्यायालयाचे काम उल्लेखनीय आहे. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय साधनांनी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, आशा भोसले यांच्या बाबतीतही न्यायालयाने असेच अंतरिम संरक्षण दिले. गायिकेचा आवाज हा तिच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे आणि तिच्या परवानगीवाचून तो यंत्राला बनवू देणे गैर आहे, हा विचार या आदेशांमागे आहे. मोठ्या कलावंतांना न्यायालयाची पायरी चढता येते. लग्नात मंगलाष्टके म्हणणाऱ्या किंवा आकाशवाणीवर कधीकाळी बातम्या वाचलेल्या माणसाच्या आवाजाचे काय, हा पुढचा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा.

चौथा विषय जबाबदारीचा, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने प्राप्तिकराची एक आकारणी रद्द केली. आकारणी 'फेसलेस', म्हणजे करदाता आणि अधिकारी समोरासमोर न येणाऱ्या पद्धतीची होती, आणि अधिकाऱ्याने आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी ज्या न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने पुढे केलेल्या निष्कर्षांवर भिस्त ठेवण्याचा मोह होतो. पण न्यायसदृश अधिकार वापरणाऱ्याने ते पडताळून पाहिल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. या निकालाचे महत्त्व असे की, न्यायालयाने यंत्राला दोषी धरले नाही. सही ज्याची, उत्तर त्याचे, ही आपल्या प्रशासनाची जुनी रीत त्याने नव्या परिस्थितीत कायम केली.

द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांनाही हीच कसोटी लावता येते. वेगाला आळा बसून अपघात कमी व्हावेत, हे कोणाला नको आहे? तरीही जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या प्रश्नावर संप पुकारला, तेव्हा वादाचा विषय दंडाच्या रकमेपुरता नव्हता. दाद मागण्याच्या वाटेचाही होता. छायाचित्र अस्पष्ट असेल, क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल, तर ते कोण तपासणार, किती दिवसांत, आणि चालकाचे म्हणणे कोणत्या भाषेत ऐकले जाणार? चांगली यंत्रणा कमी चुका करते. चांगली व्यवस्था मात्र झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय आधीच करून ठेवते. या दोहोंतला फरक हा या अभ्यासाचा कणा आहे.

आता नियमांच्या इतिहासाकडे थोडक्यात वळू. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. आपल्याकडच्या पुढच्या चर्चेचा पाया तिथे आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये राष्ट्रीय धोरणाचा आराखडा मांडला आणि २०२१ मध्ये जबाबदार वापराची तत्त्वे सांगितली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनेस्कोच्या १९३ सदस्य राष्ट्रांनी या विषयावरची पहिली जागतिक शिफारस स्वीकारली. युरोपीय संघाचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. तो धोक्याच्या पायऱ्या पाडतो, माणसांना सामाजिक गुण देण्यासारख्या काही वापरांवर बंदी घालतो आणि नोकरभरती, शिक्षण, पोलीस यांसारख्या क्षेत्रांतल्या वापरावर कडक अटी लादतो.

भारताने वेगळी वाट धरली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रे आहेत. विश्वास, माणूस केंद्रस्थानी, समन्याय, उत्तरदायित्व, समजण्याजोगी रचना आणि सुरक्षितता यांच्याबरोबरच निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य हेही त्यांत आहे. तूर्त स्वतंत्र कायदा नको, आहेत ते कायदे बहुतांशी पुरतील, अशी ही भूमिका आहे. ती मान्य करायची की नाही, हे वाचकांनी दोन्ही बाजू पाहून ठरवावे. घाईने केलेला कायदा लहान उद्योगांचा गळा आवळू शकतो, हे एका बाजूने खरे. केवळ सूत्रांवर विसंबले तर नुकसान झालेल्याच्या हाती काहीच लागत नाही, हेही तितकेच खरे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमची माहिती मागणाऱ्याने सूचना द्यायची, आणि ती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय ठेवायची, अशी त्यात तरतूद आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा अधिकारही आहे. पण त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. युरोपातले विदा-नियम केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध जसा स्वतंत्र अधिकार देतात, तसा अधिकारही तो देत नाही. आणि माहिती अधिकाराच्या कायद्यात त्याने जो बदल केला, त्यावर कार्यकर्त्यांनी तीव्र हरकत घेतली आहे.

माहिती अधिकाराचा उल्लेख आला, तेव्हा एक गोष्ट नम्रपणे नोंदवावीशी वाटते. केंद्राचा कायदा २००५ मध्ये झाला. महाराष्ट्रात त्याआधीच, २००२ पासून, राज्याचा स्वतःचा कायदा अमलात होता आणि त्यामागे जनआंदोलनाचे बळ होते. सरकारी निर्णयाची कारणे मागणे हे उद्धटपणाचे नसून नागरिकाचे काम आहे, हे आपल्या समाजाने आधीच पचवलेले आहे. यंत्राकडून कारणे मागण्याची भाषा म्हणूनच आपल्याला परकी वाटू नये.

ती भाषा वापरण्याच्या जागा वाढत आहेत. राज्य शासनाने २०२४ मध्ये नागपुरात 'मार्व्हल' ही पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी सरकारी कंपनी स्थापन केली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि त्याच्या पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. दोन्हींत भल्याच्या शक्यता आहेत. तपास लवकर लागू शकतो, कीड वेळेत कळू शकते. दोन्हींना विचारायचे प्रश्न मात्र सारखे नाहीत. शेतकऱ्याला चुकीचा सल्ला मिळाला तर हंगाम जातो; संशयित म्हणून चुकीचे नाव पुढे आले तर माणसाचे स्वातंत्र्य जाते. चुकीची किंमत जितकी मोठी, तितकी देखरेख कडक, हे या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी सूत्र आहे.

पनवेलच्या वाचकाला आणखी एक पदर सहज दिसेल. यंत्राची बुद्धी हवेत राहत नाही. तिला जमीन, वीज आणि थंडावा लागतो. ऐरोली-महापेपासून पनवेलपर्यंत डेटा सेंटर उभी राहत आहेत, आणि उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसणाऱ्या या शहराला त्यांच्या वीज-पाण्याचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. या मातीला असा हिशेब विचारण्याची सवयही आहे. १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याचे तत्त्व आले. विकासात ज्याचे काही घेतले जाते त्याला विचारले पाहिजे आणि त्याचा वाटा त्याला मिळाला पाहिजे, हा धडा इथल्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन देशाला दिला. आज जमिनीबरोबर माणसांचे लेखन, आवाज आणि चेहरेही घेतले जात आहेत. त्या धड्याचा उपयोग तिथेही आहे.

या विषयाकडे कसे यावे, याबद्दल दोन शब्द. वाचकांनी तत्त्वांच्या याद्यांपासून सुरुवात करू नये; त्या एकमेकींसारख्या दिसतात आणि लवकर कंटाळा आणतात. आधी एखादे प्रकरण घ्यावे, वर दिलेल्यांपैकी कोणतेही. त्यात निर्णय काय झाला, यंत्राने काय सुचवले, सही कोणाची होती, नुकसान कोणाचे झाले आणि दाद कुठे मागता आली, एवढे कागदावर लिहून काढावे. मग कायदा वाचावा, आणि तत्त्वज्ञानाकडे शेवटी जावे. तोवर तुमच्याजवळ विचारण्यासारखे प्रश्न जमलेले असतील.

वाटेत दोन टोकाची माणसे भेटतील. यंत्र सगळ्यांना देशोधडीला लावणार असे सांगणारी, आणि यंत्र पक्षपात करतच नाही असे सांगणारी. दोघांचेही ऐकून घ्यावे, पण पुरावा मागावा. या क्षेत्रात अजून बरेच काही ठरायचे आहे. यंत्राच्या निर्मात्याची जबाबदारी किती आणि ते वापरणाऱ्या कार्यालयाची किती, यावर जाणकारांत एकमत नाही. अशा वेळी नवा अभ्यासक उशिरा आलेला नसतो. तो ऐन वेळेवर आलेला असतो.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी बँक, रुग्णालय, शाळा, महापालिका किंवा पोलीस यांपैकी कोणी 'सिस्टिमच तसे दाखवते आहे' असे म्हणाले, तर तिथेच थांबू नका. सिस्टिमने ते कशावरून दाखवले आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे शांतपणे, लेखी आणि मराठीत विचारा. मिळालेले उत्तर जपून ठेवा, आणि उत्तर मिळाले नाही तर त्याचीही नोंद ठेवा. नियम कागदावर सरकार लिहिते. ते पाळले जातात ते असे विचारणारे नागरिक असतात म्हणून.